खाड्यांची फळी : एका कॅम्प डब्याच्या जतनाचे प्रकरण

नाशिक शहराच्या वेशीबाहेर, एका खासगी संग्रहालयाच्या आवारात, रुळांच्या लहानशा तुकड्यावर ब्रॉडगेजचा एक जुना लाकडी डबा उभा आहे. त्या डब्यावर सलग दोन हंगाम, दर रविवारी, अकरा स्वयंसेवकांनी काम केले. त्यांतला एक मी. पहिल्या हंगामात आम्ही कामाचा क्रम चुकवला, त्यात काही गोष्टी कायमच्या गेल्या आणि दुसऱ्या हंगामात जे उरले होते त्याचे काय करायचे यावर आमचे बरेच वाद झाले. हे लेखन त्या चुकीचे आणि त्या वादांचे आहे. संग्रहालयाच्या विनंतीवरून त्याचे नाव येथे दिलेले नाही.

नाशिककरांना रेल्वेचे अप्रूप जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढच्या बारा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे आपल्याकडच्या बोलीतल्या जी.आय.पी.ने, थळ घाट चढून इगतपुरी गाठली. १ जानेवारी १८६५ रोजी खुल्या झालेल्या त्या घाटाचा चढ सदतीसास एक इतका आहे, आणि आजही कसाऱ्याहून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. नाशिकरोड स्टेशनापासून गावापर्यंत एकेकाळी ट्रामही होती. सुरुवातीला ती घोडे ओढत आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस ती बंद पडली. तिच्यात बसलेला माणूस आमच्या गटात अर्थातच कोणी नव्हता, पण आजोबांकडून ऐकलेल्या ट्रामच्या गोष्टी सांगणारे तिघे होते. अशा गावात जुना डबा उघड्यावर कुजत पडल्याचे कळल्यावर माणसे जमवायला वेळ लागला नाही.

डबा मुळात प्रवासी होता आणि उत्तरायुष्यात कॅम्प डबा झाला. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५पासून पूर्ण पोलादी डबे बनू लागले, तसे लाकडी अंगाचे डबे प्रवासी वाहतुकीतून मागे पडत गेले. त्यांतल्या अनेकांची बाके काढून, आत चूल आणि फळ्या बसवून, ते रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या राहण्यासाठी दिले गेले. आमच्या डब्याची अंडरफ्रेम रिव्हेट मारलेल्या पोलादाची, सांगाडा आणि अंग सागाचे, छपराला लाकडी कमानी, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर कॅनव्हास, अशी रचना होती. बनावटीची पाटी गेली होती. सामानाच्या मांडणीचे चार पितळी ब्रॅकेट मात्र जागेवर होते आणि त्यांवर जी.आय.पी.ची आद्याक्षरे ओतीव होती.

पहिला हंगाम

काम सुरू झाले जानेवारीत, आणि संग्रहालयाने पहिल्याच बैठकीत तारीख सांगितली: १६ एप्रिल. पहिल्या गाडीच्या वर्धापनदिनी डबा पाहुण्यांसाठी उघडायचा होता. तारखेत वाईट काही नव्हते. वाईट हे झाले की तीन महिन्यांत काय पुरे होईल हे पाहून आम्ही कामे निवडली, आणि तीन महिन्यांत पुरे होते ते रंगकाम आणि पॉलिश. वर्गणीही त्यासाठीच सहज मिळाली. देणगीदाराला चकचकीत डब्यापुढे फोटो काढता येतो. छपराच्या कमानीपुढे कोणी फोटो काढत नाही.

नारळ फोडून आम्ही आतल्या भिंती घासायला घेतल्या. चुलीच्या बाजूचा भाग धुराने काळाठिक्कर होता आणि नवख्याच्या डोळ्यांना ती सरळसरळ घाण वाटत होती. दोन सँडर यंत्रे भाड्याने आणली, उरलेल्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला, तोंडाला रुमाल बांधले आणि चार रविवारांत त्या टोकाच्या भिंतींचा मोठा भाग पांढुरका करून टाकला. बाहेरून रंगाचे पापुद्रे निघतील तेवढे खरवडले आणि वर निळा रंग दिला. निळाच का, तर आम्हा सर्वांच्या लहानपणीचे डबे निळे होते. पितळी ब्रॅकेट एका उत्साही सभासदाने घरी नेऊन चिंच आणि राखेने घासून आणले. ते सोन्यासारखे लखलखत होते, आणि त्यांवरची अक्षरे पूर्वीपेक्षा पुसट झाली होती.

धुळीबद्दल थोडे थांबून सांगणे भाग आहे, कारण हौशी गट ही चूक सर्रास करतात. जुन्या तेलरंगांत शिसे असते. सफेदा म्हणजे शिशाचेच पांढरे संयुग आणि लोखंडाला अस्तर म्हणून लावला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचेच लाल संयुग. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. या डब्यावरचे तळाचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग यंत्राने कोरडा घासला की त्याची पूड हवेत उडते आणि रुमालातून छातीत जाते. तो ओला करून खरवडायचा, पूड ओल्या फडक्याने टिपून बंद डब्यात भरायची आणि योग्य मास्क लावायचा, हे आम्हाला नंतर कळले. शिवाय जुन्या डब्यांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस वापरलेले असू शकते, त्यामुळे भिंतीचा आतला पोकळ भाग उघडण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवणे आवश्यक असते. सुदैवाने आम्ही तिथपर्यंत पोहोचलोच नव्हतो.

मार्चअखेर रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यातून सुतार म्हणून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्यात आले. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. त्यांनी डब्याला एक फेरी मारली, आत जाऊन छताकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "अहो, वरून पाणी येतंय आणि तुम्ही भिंती कसल्या घासताय?" त्यांचे ऐकायला हवे होते. पण १६ एप्रिल तीन आठवड्यांवर होता, म्हणून छपरासाठी आम्ही एक तात्पुरता उपाय काढला: जाड ताडपत्री ताणून चारही कडांना खिळ्यांनी ठोकून टाकली. हा निर्णय बैठकीत मीच मांडला होता.

कार्यक्रम छान झाला.

पावसाळ्यात काय झाले

नाशिक शहरात कोकणासारखा पाऊस पडत नाही, इगतपुरीसारखा तर नाहीच; पण लाकूड कुजायला मुसळधार पाऊस लागत नाही, न वाळणारी ओल पुरते. छपरावरचा मूळ कॅनव्हास सफेदा आणि जवसाच्या तेलाच्या लगद्यात बसवलेला होता. ते तेल वाळून कडक झाले की कॅनव्हास आणि फळी एकजीव होतात, आणि वरून वेळोवेळी रंगाचा हात देत राहिले तर असे छप्पर दीर्घकाळ टिकते. आमच्या डब्यावर हा कॅनव्हास पन्हळीच्या कडेने तडकला होता. वाऱ्याबरोबर येणारे पाणी आमच्या ताडपत्रीच्या कडेखालून आत शिरत होते आणि आत आलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याची वाट त्याच ताडपत्रीने बंद केली होती. गणपतीच्या सुमारास कुलूप उघडले तेव्हा कुबट वासाचा लोट बाहेर आला. छताच्या फळ्या फुगून पोटासारख्या खाली आल्या होत्या आणि नव्या निळ्या रंगाला तळहाताएवढे फोड आले होते.

मिस्त्रीकाकांनी एक पेचकस घेतला आणि एकेका कमानीच्या टोकाशी टोचून पाहिले. मधल्या भागात पेचकसाचे टोकही शिरत नव्हते. भिंतीवर टेकलेल्या टोकांशी मात्र तो पाच ठिकाणी मुठीपर्यंत गेला. तेथील लाकूड फिकट होते. केव्हातरी झालेल्या दुरुस्तीत कोणीतरी सागाचा बाहेरचा पांढरा भाग किंवा दुसरेच स्वस्त लाकूड वापरले होते. सागाला वाळवी लागत नाही असे आपण सहज म्हणतो, पण तो गुण त्याच्या गाभ्याचा असतो. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी आवडीने खाते. ती आली कोठून, हेही दिसले. रुळांभोवतीची माती वर्षानुवर्षे साचून लाकडी स्लीपरच्या वर आली होती, चाकांना अडसर म्हणून लावलेले ओंडके त्या मातीत टेकले होते, आणि ओंडक्यांवरून मातीच्या बारीक नळ्या थेट अंडरफ्रेमपर्यंत चढल्या होत्या.

दुसरा हंगाम

दुसऱ्या हंगामात पहिले काम डब्याला हात न लावता झाले. लोखंडी पाइप आणि पन्हळी पत्र्याची, चारही बाजूंनी उघडी शेड उभारली, रुळांभोवतीची माती उपसून खडी भरली आणि ओंडके काढून लोखंडी अडसर लावले. वर्गणीचा बहुतेक पैसा यातच गेला, आणि "डब्याचं काय केलंत?" या प्रश्नाला द्यायला कित्येक आठवडे आमच्याकडे उत्तर नव्हते. तरी या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत योग्य खर्च कोणता असे मला विचारले तर मी शेडकडेच बोट दाखवीन. शेड झाल्यावर डबा सावकाश वाळू दिला. फुगलेल्या फळ्यांपैकी निम्म्याहून अधिक आपोआप जागेवर बसल्या. घाईने उपटल्या असत्या तर त्या फुकट गेल्या असत्या.

त्यानंतर नोंदी. प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक, क्रमांकासह छायाचित्र, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत, वर चिठ्ठी लावून. कंटाळवाणे काम आहे. दोन तरुण सभासद याच काळात येईनासे झाले.

रंगाचा इतिहास शोधण्याचे काम नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी केले. उभी हयात त्यांनी बारीक छपाई भिंगातून तपासली होती. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, जेथे आमचे पॉलिश पेपर पोहोचले नव्हते, तेथे त्यांनी ब्लेडने टपाल तिकिटाएवढी जागा पायरीपायरीने उघडली, म्हणजे प्रत्येक थराची एक बारीक पट्टी शेजारी शेजारी दिसेल अशी. सर्वांत वर आमचा निळा, त्याखाली करडा, त्याखाली भारतीय रेल्वेचा ओळखीचा गडद तांबडा, तोही तीनदा दिलेला, त्याखाली तपकिरीकडे झुकणारे दोन थर आणि तळाला लाकडावर वॉर्निश. निळा रंग पूर्वी कधीच नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते, कारण आम्हाला आठवणारे निळे डबे एअर ब्रेकच्या जमान्यातले, आणि आमच्या डब्याखाली आजही त्याआधीच्या व्हॅक्यूम ब्रेकचा सिलिंडर आहे. डब्याखाली वाकून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी हे कळले असते.

हे थर ठेवायचे की काढायचे यावर चर्चा सुरू असताना कोणीतरी वणीच्या सप्तशृंगीची आठवण काढली. २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढल्यावर मूळ रूप समोर आले, ते आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले होते. त्या दाखल्यावरून "आपणही मुळापर्यंत जाऊ" असे काहींनी म्हटले. माझ्या मते तो दाखला येथे लागू नव्हता. तेथे थरांखाली घडवलेली मूर्ती होती. येथे थर हाच डब्याचा आयुष्यक्रम होता, आणि तळाशी पोहोचल्यावर हाती नुसते वॉर्निश लागणार होते. आपला "जीर्णोद्धार" हा शब्दही अशा वेळी थोडा घात करतो. त्यात जुने ते नवे करून टाकण्याचा उत्साह आहे. "जतन" या शब्दात तो नाही, आणि बैठकीच्या इतिवृत्तात आम्ही पुढे तोच शब्द लिहू लागलो.

फळी

या प्रकरणाचा मर्मभाग म्हणजे चुलीच्या टोकाकडची, दारालगतची एक उभी फळी. नोंदी करताना विजेरीचा झोत तिच्यावर तिरका पडला आणि पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी, असे गठ्ठे ओळीने मांडलेले होते. ओळीच्या सुरुवातीला एक शब्द होता. त्याचे पहिले अक्षर आमच्या सँडरने नेले होते. उरला होता एक काना आणि "डा". फळीचा डावा अर्धा भाग पांढुरका, गुळगुळीत, आणि त्यावर काही नाही. उजव्या भागावर काजळी, आणि काजळीखाली हा हिशेब.

शब्द "खाडा" असावा यावर जवळजवळ सर्वांचे एकमत झाले. कोणाचा खाडा, यावर मात्र नाही. घरात भिंतीवर किंवा कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडण्याची सवय आपल्याकडे घरोघरी होती, त्यामुळे अनेकांना हा दूधवाल्याचा हिशेब वाटला. आमच्यातल्या एकाचे वडील घाटात गँगमन होते. तो म्हणाला की हे कामाचे खाडे आहेत. हजेरीचा मस्टर पीडब्ल्यूआयच्या, म्हणजे रुळांच्या देखभालीवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकाच्या, ताब्यात असे, त्यामुळे पगाराच्या दिवशी वाद नको म्हणून माणसे आपला हिशेब आपल्यापाशी ठेवत. पावसाळी गस्तीच्या दिवसांत वडील कित्येक रात्री अशाच डब्यात राहत, हेही त्याने तेव्हाच पहिल्यांदा सांगितले. दीड वर्ष तो आमच्याबरोबर काम करत होता, आणि त्याने पहिल्या हंगामात घासलेल्या भिंतींत हीच भिंत होती.

ओळीच्या डाव्या टोकाला बहुधा नाव किंवा महिना असणार. तो भाग असता तर प्रश्न सुटला असता.

येथून गटात दोन तट पडले. संग्रहालयाचे आणि काही सभासदांचे म्हणणे असे की डबा मूळच्या प्रवासी रूपात आणावा: नवी बाके, वॉर्निशच्या भिंती, लखलखीत पितळ. बघायला येणाऱ्याला तेच हवे असते, आणि संग्रहालय चालते ते त्याच्या तिकिटावर; हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की प्रवासी डब्याचे आपल्याकडे चार ब्रॅकेट आणि बाकांच्या बोल्टांची भोके एवढेच उरले आहे, बाकी सगळे कल्पनेने बनवावे लागेल. कॅम्प डब्याचा मात्र अर्धा संसार अजून जागेवर आहे. वास्तुजतनासाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत याबाबत दोन उपयुक्त तत्त्वे आहेत. वेगवेगळ्या काळांत पडलेली भर मानावी, सगळे एकाच काळाचे दिसावे असा हट्ट नसावा. आणि नव्याने बसवलेला भाग मेळ खाणारा पण मूळ भागापासून ओळखता येईल असा असावा. सनद इमारतींसाठी लिहिलेली आहे, पण वाद मिटवायला ती आम्हाला फार उपयोगी पडली, कारण ती ना मिस्त्रीकाकांची होती ना संग्रहालयाची.

ठरले ते असे. बाहेरून गडद तांबडा रंग, कारण कॅम्प डबा म्हणून त्याच्या आयुष्याशी तोच जुळत होता. थरांची ती तिकिटाएवढी खिडकी मात्र उघडी ठेवून तिच्यावर काच लावायची. आत बाके करायची नाहीत, भोके तशीच ठेवायची. काजळीच्या भिंती फक्त मऊ ब्रशने झटकायच्या. घासलेला भाग रंगवून किंवा काळा करून लपवायचा नाही. बाके न करण्याचा निर्णय एका मताच्या फरकाने झाला, आणि संग्रहालयाने तो मान्य केला तरी मनापासून केला असे म्हणता येणार नाही.

सुतारकामाबद्दल एक-दोन बारकावे. पाच कमानींची फक्त कुजकी टोके कापली आणि लांब तिरक्या सांध्याने गाभ्याच्या सागाचे नवे टोक जोडले. जोडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस साल कोरले, म्हणजे पुढच्या सुताराला नवे-जुने कळेल. सागात पितळी स्क्रू थेट पिळला तर त्याचे डोके तुटते. मिस्त्रीकाका आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घेत, तो काढत आणि मग पितळी स्क्रूला कपड्याच्या साबणाच्या वडीवर घासून हाताने बसवत. एका स्क्रूला पाच मिनिटे. ड्रिलने भराभर स्क्रू मारायची सवय असलेल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना सुरुवातीला हा वेडेपणा वाटला. पहिल्या दिवशी त्यांनी नऊ स्क्रू तोडल्यावर वाटेनासा झाला. ब्रॅकेट तांबट लेनमधल्या एका जुन्या कारागिराला दाखवले. त्याने अक्षरांवरून बोट फिरवले आणि सांगितले की आता याला चिंच, लिंबू, राख काही लावू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडे करा, मेणाचा पातळ हात द्या, आणि काळे पडले तर पडू द्या.

बोगी, ब्रेक आणि ॲक्सल बॉक्स यांचे काम तुलनेने सरळ होते. डबा चालवायचा नाही हे आधीच ठरल्यामुळे गंज थांबवणे, ॲक्सल बॉक्समधले सुकलेले कापसाचे वेस्ट बदलून तेल घालणे आणि सुट्या भागांना अस्तर देणे एवढ्यावर ते भागले.

शेवटचा वाद फळीखालच्या पाटीवरून झाला. संग्रहालयाचा मसुदा होता: "कामगारांनी केलेल्या पेन्सिलीच्या नोंदी (काही भाग अस्पष्ट)." गँगमनच्या मुलाने त्यावर आक्षेप घेतला, भाग अस्पष्ट नव्हता, आम्ही पुसला होता. स्वयंसेवकांची अशी जाहीर बदनामी कशाला, असे दोन बैठकांत म्हणून झाल्यावर अखेर प्रेसवाल्या काकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात नवी पाटी लिहिली: "या डब्यात राहणाऱ्या कामगारांचा हिशेब. शब्द बहुधा 'खाडा'. डावीकडचा मजकूर जतनकामाच्या पहिल्या वर्षी आमच्या हातून घासला गेला." ती सध्या लावलेली आहे.

छपराच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर नवा कॅनव्हास बसला आहे, या वेळी शिसे नसलेल्या पांढऱ्या रंगाच्या आणि जवसाच्या तेलाच्या लगद्यात. पश्चिमेचा अर्धा भाग दिवाळीनंतर घ्यायचा आहे, कारण तेल वाळायला सलग कोरडे दिवस हवेत आणि मिस्त्रीकाका त्याआधी शिडीवर चढू द्यायला तयार नाहीत. यंदाही १६ एप्रिलला डबा तयार नव्हता. शेडखाली दोर बांधून तो तसाच दाखवला.